चुकीच्या बस्त्यातला कागद

भूमध्य समुद्रात वादळ चालू असताना गोळ्या लागलेला एक माणूस बोटीवरून पाण्यात पडतो. कोळी त्याला बाहेर काढतात आणि एका छोट्या बेटावरच्या इंग्रज डॉक्टरच्या दारात नेऊन ठेवतात. डॉक्टर दारूच्या आहारी गेलेला, पण हात चांगला. माणूस जगतो, मात्र आपण कोण, कुठले, काय करत होतो यातलं त्याला काहीच आठवत नाही. रॉबर्ट लडलमच्या १९८० सालच्या 'द बॉर्न आयडेंटिटी' या कादंबरीची ही सुरुवात. या कादंबरीबद्दल बोलताना लोक त्याच्या डोक्यावरच्या जखमेबद्दल बोलतात. माझं लक्ष पहिल्या वाचनापासून त्याच्या कमरेवर राहिलं. तिथे कातडीखाली फिल्मचा बारीक तुकडा शिवलेला असतो आणि त्यावर झ्युरिकच्या एका बँकेतल्या खात्याचा तपशील असतो. डोकं कोरं झालं, तरी नोंद शिल्लक आहे. पुढची सगळी कादंबरी त्या एका नोंदीला धरून मागे मागे जाण्याची आहे.

माझी नोकरी महसूल खात्यातली आणि त्यातली बरीच वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात अभिलेख कक्षात गेली. रेकॉर्ड रूम म्हटलं की लोकांना धूळ आणि वाळवी आठवते. ती असतेच. पण तिथे बसणाऱ्याला हळूहळू कळतं, की माणसाची ओळख त्याच्या तोंडी सांगण्यावर फारशी चालत नाही, ती लाल कापडात बांधलेल्या बस्त्यात असते. आजोबांच्या नावाचा फेरफार, जुना सातबारा, जन्म-मृत्यूचं रजिस्टर, मोडीतली कागदपत्रं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, कुणबी नोंदींसाठी कचेऱ्यांमधलं जुनं दप्तर उपसलं जाऊ लागलं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय तेवढं बघायला माणसं ताटकळत उभी राहत. आपण कोण हे बस्त्यात शोधणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली, म्हणून त्या कादंबरीचा नायक बॉर्न मला कधी परका वाटला नाही.

आमच्याकडे एक जुने शिपाई होते, सगळे त्यांना मामाच म्हणत. फाईल सापडेना झाली आणि पक्षकार रडकुंडीला आला की ते शांतपणे शिडी ओढत म्हणायचे, "कागद कुठं जात न्हाई बघा मॅडम. त्यो हितंच असतोय. आपुन चुकीच्या बस्त्यात हुडकतोय." अमेरिकी सिनेटच्या एका सुनावणीचं इतिवृत्त वाचताना मला हे वाक्य जसंच्या तसं आठवलं. त्या सुनावणीकडे मी येतेच.

सरकारी कागदाला आपल्याकडे वर्ग असतो. 'अ' कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' त्याहून कमी, आणि 'ड' म्हणजे वर्षभराने नष्ट. नष्ट करायचं तरी यादी लागते, वरिष्ठांची सही लागते. विसरण्यालासुद्धा आदेश लागतो. राजकीय कटकथांमधला स्मृतिभ्रंश मला कायम असाच दिसत आलाय. नायकाच्या डोक्याला मार लागण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी खुर्चीत बसून त्याची फाईल 'ड' वर्गात घातलेली असते. हे ज्या लेखकाला उमगलंय त्याची कथा वर्षानुवर्षं टिकते. ज्याला नुसता डोक्यावरचा टोला उमगलाय त्याची एका प्रवासात वाचून संपते.

हे सगळं सालवार लावायला घेतलं तेव्हा १९५३ चा बस्ता सगळ्यांत जाड निघाला.

त्या वर्षी १० एप्रिलला सीआयएचे प्रमुख ॲलन डलस यांनी व्हर्जिनियातल्या हॉट स्प्रिंग्जला प्रिन्स्टन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं. कम्युनिस्ट राष्ट्रं माणसांच्या मेंदूंवर ताबा मिळवण्याचं युद्ध लढताहेत, हा त्या भाषणाचा गाभा. असली तंत्रं अजमावून बघायला आपल्याकडे माणसं नाहीत, असंही ते बोलून गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ एप्रिलला, त्यांनी माणसाच्या मनावर ताबा मिळवण्याच्या प्रयोगांसाठी एमके-अल्ट्रा या गुप्त प्रकल्पाला मंजुरी दिली. प्रकल्प चालवायचा होता सिडनी गॉटलिब या रसायनशास्त्रज्ञाने. जुलैत कोरियातलं युद्ध थांबलं. नोव्हेंबरात फ्रँक ओल्सन या लष्करी शास्त्रज्ञाला त्याच्या नकळत पेयातून एलएसडी हे भ्रम आणणारं रसायन देण्यात आलं आणि काही दिवसांतच न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. घरच्यांना खरी हकिकत कळायला १९७५ साल उजाडलं.

याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्याच हार्टफर्डला हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुढे त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला, आणि दर दिवशी त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतोय. हाताची आठवण वेगळ्या कप्प्यात असते हे त्या प्रयोगाने जगाला शिकवलं. बॉर्नला स्वतःचं नाव आठवत नाही आणि पिस्तूल मात्र डोळे मिटून सोडवता येतं, हे म्हणूनच पटतं. मोलेसनला जुनं पुष्कळ आठवत होतं, नवीन टिकत नव्हतं. कादंबऱ्यांनी ते नेमकं उलटं करून घेतलं. खरा रुग्ण अशा उलट्या तऱ्हेचा फार क्वचित सापडतो. त्यातलाच एक जुना दाखला ऱ्होड आयलंडचा धर्मोपदेशक ॲन्सेल बॉर्न. १८८७ च्या जानेवारीत बँकेतून ५५१ डॉलर काढून तो नाहीसा झाला आणि मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनमध्ये जागा झाला. मधल्या काळात तो तिथे ब्राऊन या नावाने छोटंसं दुकान चालवत होता. विल्यम जेम्स यांनी त्याला पुढे तपासलं. लडलमच्या नायकाचं आडनाव याच्यावरून आलं असं मानलं जातं. इथेही बँकेतली नोंद आहेच, हे मला विशेष वाटतं.

आणि या १९५३ च्या बस्त्यात कोल्हापूरचा एक माणूस आहे. मेजर जनरल शंकरराव थोरात. आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते चीनच्या आक्रमणाचा इशारा आधीच देणारे सेनानी म्हणून. त्याआधीचं त्यांचं कोरियातलं काम फारसं कुणी सांगत नाही. युद्ध थांबल्यावर दोन्ही बाजूंचे हजारो कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते. त्यांचा निवाडा होईपर्यंत तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला, अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा भारतीय सैन्यदलाकडे, आणि त्या दलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देईनात. मग इंचॉनला जहाजांवरून त्यांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवण्यात आलं. तिथे २२ हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी आले. दुसऱ्या बाजूचे ३५९, त्यांत २३ अमेरिकी. समजावणारे आले, घरची पत्रं आली. दोघांनी विचार बदलला. उरलेल्या २१ जणांनी जानेवारी १९५४ मध्ये चीनचा रस्ता धरला.

अमेरिकेला हे सोसलं नाही. आपल्या गावातला, आपल्या चर्चमधला पोरगा शुद्धीत असताना घरी यायला नको म्हणतो, हे स्वीकारायचं कसं? त्याच्या डोक्यात कुणीतरी काहीतरी घातलंय, हे मानणं त्यापेक्षा सोपं होतं. त्या भीतीतून रिचर्ड कॉन्डनची 'द मांचुरियन कँडिडेट' ही कादंबरी १९५९ साली आली आणि १९६२ साली जॉन फ्रँकेनहायमरचा चित्रपट. त्या २१ जणांच्या बराकींभोवती पहारा आपल्या जवानांचा होता, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाने हा चित्रपट एकदा त्या नजरेने बघावा.

त्यातला एक प्रसंग माझ्या मते या सगळ्या कथाप्रकारातला सर्वांत मोठा आहे. पकडलेले अमेरिकी सैनिक कंटाळून बसलेत आणि समोर एक बाई फुलझाडांवर व्याख्यान देतेय. हॅट घातलेल्या बायकांचा मेळावा आहे. कॅमेरा संथपणे गोल फिरतो आणि वर्तुळ पुरं होईतो त्याच जागी चिनी आणि रशियन अधिकारी बसलेले असतात, भिंतीवर मोठमोठ्या तसबिरी. सैनिकांना अजूनही बागकामाच्या बायकाच दिसताहेत. मग त्यांच्यातल्या रेमंडला शांतपणे एका सोबत्याचा गळा दाबायला सांगतात, आणि तो दाबतो. परत आल्यावर सगळी तुकडी एकाच ठरीव शब्दांत रेमंडची स्तुती करते. मला भीती वाटली ती या स्तुतीची. चौकशीत पाच साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द जुळले, की समजायचं हे कुणीतरी एकाने लिहून दिलेत. आमच्याकडे कारकुनालाही हे कळतं. रेमंडच्या आईचं काम अँजेला लॅन्सबरीने केलंय. पडद्यावर मुलगा झालेल्या लॉरेन्स हार्वीपेक्षा ती फक्त तीन वर्षांनी मोठी होती, आणि तरी तिच्यापुढे तो खरोखर लहान पोर वाटतो. शत्रू दूर मांचुरियात असेल असं धरून आपण बघत असतो, आणि हुकूम देणारी बाई निघते वॉशिंग्टनच्या मेजवान्यांत मिरवणारी.

प्रत्यक्षात चीन-कोरियाच्या छावण्यांत कुठली जादू नव्हती. हॅरल्ड वुल्फ आणि लॉरेन्स हिंकल या कॉर्नेलच्या डॉक्टरांनी १९५६ साली अभ्यास करून तेच सांगितलं: झोपू न देणं, एकट्याला कोंडणं, थंडी, उपासमार, तेच ते प्रश्न. जगभरच्या पोलिसांना ठाऊक असलेले जुनेच मार्ग. तरीही एमके-अल्ट्रा थांबलं नाही. शत्रूकडे नसलेल्या अस्त्राला उत्तर शोधायला स्वतःच्याच नागरिकांवर प्रयोग चालू राहिले.

आता त्या सुनावणीकडे.

जानेवारी १९७३ मध्ये सीआयएचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स पद सोडत होते, गॉटलिबही निवृत्तीच्या वाटेवर होते. जाता जाता एमके-अल्ट्राची कागदपत्रं नष्ट करण्याचा आदेश झाला आणि तो पाळला गेला. वीस वर्षांचं दप्तर गेलं. १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने गुप्तचर खात्यांची चौकशी केली तेव्हा त्यांच्या हाती या प्रकल्पाचं फारच थोडं लागलं. ज्यांनी काम केलं त्यांना आठवत नव्हतं, किंवा आठवत नाही असं ते सांगत होते. इथे खरा स्मृतिभ्रंश झालेला नायक म्हणजे एक सबंध सरकारी खातं आहे.

मग जॉन मार्क्स या लेखकाने माहितीच्या कायद्याखाली मागितलेल्या कागदांचा शोध १९७७ साली चालू होता. शोधणाऱ्या कर्मचाऱ्याने या वेळी वेगळीकडे हात घातला आणि जुन्या दप्तराच्या साठवणकेंद्रात सात खोकी निघाली. सुमारे २० हजार पानं. ही खोकी वाचली कशी? ती प्रकल्पाच्या नावाने ठेवलेलीच नव्हती. अंदाजपत्रक आणि हिशेब बघणाऱ्या शाखेने १९७० साली आपले स्वतःचे कागद म्हणून ती तिकडे पाठवली होती. नष्ट करणाऱ्यांनी प्रकल्पाच्या नावाखाली शोधलं, दोन वर्षांपूर्वीच्या चौकशीच्या वेळीही तसंच झालं, आणि सगळा पुरावा हिशेबाच्या बस्त्यात पडून होता. मामांचं वाक्य मला आठवलं ते इथे. खोक्यांत प्रयोगांची वर्णनं फारशी नव्हती. व्हाउचर होती, आगाऊ रकमांच्या मंजुऱ्या होत्या, खर्चाचे ताळमेळ होते. पण पैसा कुणाकडून कुणाकडे गेला हे कळलं की बाकीचं उभं करता येतं. ३ ऑगस्ट १९७७ रोजी सिनेटपुढे तेव्हाचे प्रमुख स्टॅन्सफील्ड टर्नर यांनी आकडे वाचून दाखवले: १४९ उपप्रकल्प, ८० संस्था, त्यांत ४४ विद्यापीठं आणि कॉलेजं, १२ रुग्णालयं, ३ तुरुंग. कित्येक संस्थांना आपल्याकडे येणारा पैसा कुणाचा आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

कुणा नायकाने मारामारी करून हे बाहेर काढलेलं नाही. लेखा शाखेतल्या एखाद्या माणसाने नेहमीप्रमाणे आपली बिलं नीट बांधून ठेवली, म्हणून ते बाहेर आलं. ते बस्ते बांधणारे हात कुणाचे होते कोण जाणे, पण त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

आणि त्याच बिलांमधून एक वाट कॅनडात मॉन्ट्रियलला गेली, अॅलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये. डोंगरउतारावरची जुनी हवेली, तिथे मनोरुग्णांवर उपचार होत. डॉ. युएन कॅमेरॉन हे त्यांच्या काळातलं फार मोठं नाव, अमेरिकेच्या आणि पुढे जागतिक मानसोपचार संघटनेचे अध्यक्ष. आजारी मन आधी पूर्ण पुसून टाकायचं आणि मग नव्याने घडवायचं, असा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी रुग्णाला औषधांनी आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे, नेहमीच्या कितीतरी पट विजेचे झटके द्यायचे, आणि टेपवर एकच वाक्य हजारो वेळा ऐकवायचे. पैसा येत होता मानवी पर्यावरणाच्या अभ्यासासाठी म्हणून काढलेल्या एका सोसायटीमार्फत. सोसायटी सीआयएचा मुखवटा होती आणि तिच्या प्रमुखपदी तेच हॅरल्ड वुल्फ होते, ज्यांनी छावण्यांत जादू नसल्याचं लिहिलं होतं.

तिथे गेलेल्या कितीतरी जणी साध्या गृहिणी होत्या. बाळंतपणानंतर मन उदास राहतं, झोप लागत नाही, भीती वाटते, म्हणून घरच्यांनी विश्वासाने मोठ्या डॉक्टरकडे नेलेल्या. त्या परतल्या तेव्हा काहींना आपली मुलं ओळखू येत नव्हती. काहींना नैसर्गिक विधीही पुन्हा शिकावे लागले. खासदार डेव्हिड ऑर्लिको यांच्या पत्नी व्हाल ऑर्लिको त्यांतल्या एक. त्यांच्यासह नऊ जुन्या रुग्णांनी सीआयएविरुद्ध खटला भरला आणि १९८८ साली सगळ्यांना मिळून साडेसात लाख डॉलरवर तडजोड झाली. ओल्सनच्या कुटुंबाला अमेरिकेच्या संसदेने दिलेली रक्कमही साडेसात लाखच होती. १९९२ साली कॅनडा सरकारने ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. त्यासाठी अट अशी, की रुग्ण पुसत पुसत लहान मुलाच्या अवस्थेपर्यंत नेलेला असला पाहिजे. आपलं नुकसान तेवढं नव्हतं असं ठरून कित्येकांचे अर्ज नाकारले गेले. मी नोकरीत असले निकष लावलेले तक्ते पाहिलेत, आणि त्या तक्त्यात न बसणाऱ्या माणसाचा चेहरा काय होतो तेही पाहिलंय.

म्हणून या कथाप्रकारावर माझा खरा राग आहे तो इथे. स्मृती हिरावलेला माणूस आपल्याला नेहमी पुरुष दाखवतात, पिळदार, चार भाषा बोलणारा, एका फटक्यात तिघांना लोळवणारा. ज्यांची स्मृती सरकारच्या पैशाने खरोखर पुसली गेली त्या बायकांच्या हाती पिस्तूल चालवण्याचं कसब आलं नाही. त्यांच्या हातातून स्वयंपाक, विणकाम, मुलाचा पहिला वाढदिवस हे सगळं निघून गेलं. त्यांच्यावर थरारकथा कुणी लिहिली नाही.

जवळपास येणारा एकच चित्रपट मला माहीत आहे, १९९६ चा 'द लाँग किस गुडनाइट'. नायिका पेनसिल्व्हेनियातल्या लहान गावात शाळेत शिकवते, आठ वर्षांपूर्वीचं तिला काहीही आठवत नाही, समुद्रकिनारी सापडली तेव्हा ती गरोदर होती. स्वयंपाकघरात गाजरं चिरताना तिचा सुरीवरचा हात एकदम विजेसारखा चालायला लागतो आणि आपण पूर्वी आचारी असू असं समजून ती आनंदाने घरभर भाज्या चिरत सुटते. तो आनंद बघताना पोटात खड्डा पडतो, कारण ते हात कशासाठी तयार झालेत हे प्रेक्षकाला आधी कळतं. जीना डेव्हिसने ते फार मनापासून केलंय. आणि कट कसला? गुप्तचर खात्याचं अंदाजपत्रक कापलंय, म्हणून एक भयंकर स्फोट घडवून त्याचं खापर अरबांवर फोडायचं, म्हणजे निधी पुन्हा चालू होईल. हे सगळं २००१ च्या पाच वर्षं आधीचं. तो चित्रपट शेवटी फारच गोंगाट करतो, पण कटाचं मूळ लेखाशीर्षात आहे हे त्याने अचूक पकडलंय.

भाच्यामुळे बेल्जियन चित्रकथांची 'तेरा' ही मालिकाही वाचली. मुखपृष्ठांवर तो आकडा रोमन लिपीत असतो. ज्याँ व्हान हाम आणि विल्यम व्हान्स यांनी १९८४ साली ती सुरू केली. सुरुवात उघड उघड बॉर्नवरून घेतलेली, पण पुढे ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. नायकाच्या गळ्याजवळच्या हाडावर तेरा आकडा गोंदलेला आहे आणि राष्ट्राध्यक्षाच्या खुनाचा आळ त्याच्यावर आहे. त्याला एकामागून एक नवी ओळख सापडत जाते, आणि प्रत्येक ओळखीचे कागद अस्सल असतात. कागद खरा आणि माणूस दुसराच, ही रेकॉर्ड रूममधल्या माणसाची सगळ्यांत मोठी धास्ती, आणि ती इतकी अंगावर येईल अशी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

बॉर्नवरचे चित्रपट कादंबरीपासून खूप दूर गेले. कादंबरीत तो कार्लोस या खऱ्या दहशतवाद्याला बाहेर काढण्यासाठी उभं केलेलं आमिष असतो, म्हणजे त्याचं मारेकरीपणच बनावट असतं. वाचकाला शेवटी दिलासा मिळतो. २००२ च्या चित्रपटाने तो दिलासा काढून घेतला. तिथे तो खराच सरकारी मारेकरी आहे. परागंदा झालेल्या एका आफ्रिकी नेत्याला मारायला जातो, त्याच्याजवळ लहान मुलं बघून हात थांबतो, आणि तिथून त्याचं सगळं निसटतं. मला हा बदल कादंबरीपेक्षा सरस वाटतो.

हा बदल आला कुठून? दिग्दर्शक डग लायमन यांचे वडील आर्थर लायमन हे वकील होते. इराण-कॉन्ट्रा प्रकरणात सिनेटच्या समितीचे मुख्य वकील म्हणून १९८७ साली त्यांनी ऑलिव्हर नॉर्थ यांची उलटतपासणी केली. इराणला चोरून शस्त्रं विकायची आणि तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना द्यायचा, हे प्रकरण. चौकशी दाराशी आल्यावर नोव्हेंबर १९८६ मध्ये नॉर्थ यांच्या कचेरीत कागद यंत्रात घालून त्यांच्या पट्ट्या करणं चालू होतं. त्यांची सचिव फॉन हॉल हिने काही कागद बुटांत आणि कपड्यांत लपवून बाहेर नेले, आणि तसं तिने साक्षीत सांगितलंही. नॉर्थ यांनी संगणकावरचे आपले संदेशही पुसले होते, पण व्हाइट हाउसच्या यंत्रणेने त्यांच्या प्रती वेगळ्या टेपवर राखल्या होत्या. पुन्हा तेच, कागद दुसऱ्या बस्त्यात होता. चित्रपटातल्या ट्रेडस्टोन या मारेकरी घडवणाऱ्या गुप्त कार्यक्रमाचा प्रमुख कॉन्क्लिन हा लायमन यांनी वडिलांच्या आठवणींतल्या नॉर्थवरून घडवला. त्यामुळे तो माणूस राक्षस वाटत नाही. दमलेला, चिडलेला, वरून दबाव असलेला कचेरीतला अधिकारी वाटतो, आणि म्हणून जास्त घातक.

त्या पहिल्या चित्रपटाच्या शेवटाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. ॲबट नावाचा वरिष्ठ अधिकारी समितीपुढे सांगतो, की ट्रेडस्टोन हा निव्वळ प्रशिक्षणाचा कार्यक्रम होता, खर्च परवडेना म्हणून तो बंद केलाय. मग पान उलटतो आणि ब्लॅकब्रायर नावाच्या पुढच्या विषयाला लागतो. इतकी माणसं मेली, आणि इतिवृत्तात ती एवढ्या वाक्यात मिटली. असली वाक्यं मी टाइप झालेली वाचली आहेत. तो प्रसंग ज्याने लिहिला त्याला कचेरी आतून ठाऊक आहे.

२००७ चा तिसरा चित्रपट मला तिन्हींत श्रेष्ठ वाटतो, दोन कारणांनी. बॉर्नला अखेर आठवतं, आणि आठवतं ते असं, की त्याला कुणी पळवून नेलं नव्हतं. तो स्वतःच्या पायांनी आला होता, होकार त्याचाच होता. फाईल उघडली तर आत सही आपलीच. देशासाठी म्हणून माणूस काय काय कबूल करतो आणि मग ते विसरण्यात त्याची किती सोय असते, हा प्रश्न त्यानंतर कुठल्याच पाठलागाने झाकला जात नाही. दुसरं कारण पामेला लँडी. बॉर्न तिजोरीतून कागद काढून तिच्या हाती देतो, आणि सगळा कट संपतो तो ही मध्यमवयीन अधिकारी बाई फॅक्स यंत्रापाशी उभी राहून एकेक पान आत सरकवते म्हणून. वरिष्ठ धावत येईपर्यंत पानं गेलेली असतात. जोन ॲलनने त्या वेळी चेहऱ्यावर विजय अजिबात दाखवलेला नाही, फक्त काम पुरं झाल्याची नोंद दाखवलीय.

कुणाला या वाटेला लागायचं असेल तर आधी १९६२ चा 'मांचुरियन कँडिडेट' बघावा. मग १९७७ च्या सुनावणीचं छापील इतिवृत्त वाचावं, इंग्रजी सोपं आहे आणि जोडलेली परिशिष्टं चुकवू नयेत. मग बॉर्नचे पहिले तीन चित्रपट ओळीने. आणि थोरातांचं आत्मचरित्र इंग्रजीत आहे, 'फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट'. कोल्हापुरात कुणाच्या घरच्या कपाटात त्याची प्रत असेल तर ती एखाद्या चांगल्या वाचनालयाला द्यावी, ही माझी विनंती आहे.